पत्रिकेच्या फ्लॉपीतला चोर

"एक पाऊल टाका, थांबा, बघा." एका बोटाने कीबोर्डची एकच कळ दाबायची, हात मांडीवर ठेवायचा आणि हे म्हणायचं, ही मिस्त्रींची पद्धत. तुम्हीही असा माणूस कुठल्या तरी कचेरीत पाहिला असेल. सगळं ऑफिस धावतंय आणि हा आपला चालतोय.

आमच्या परभणीच्या सरकारी बियाणे कचेरीत कॉम्प्युटर आला, तेव्हा टाइपरायटर दुरुस्त करणारे मिस्त्रीच त्याचे डॉक्टर झाले. दुसरं होतंच कोण? खोलीला एसी, चपला दाराबाहेर, दसऱ्याला मॉनिटरला झेंडूचा हार. मी रोजंदारीवरची ऑपरेटर.

एका शुक्रवारी बियाण्यांच्या सगळ्या फाइली गायब झाल्या. मशीनला व्हायरस झालाय, असं कुणीतरी नांदेडहून फोनवर सांगितलं. साहेबांनी तत्काळ शास्त्रीय उपाय केले. खोलीत फिनेल मारून घेतलं आणि मला मेमो दिला. ऑपरेटर बाई सर्दी झालेली असताना मशीनवर बसल्या, असं त्यात लिहिलं होतं. आठ दिवसांत खुलासा द्या, नाहीतर काम बंद. घरात मिळवणारी मी एकटीच होते.

मिस्त्रींनी मेमो शांतपणे वाचला.

"सर्दी गेली का, बाई?"

"गेली."

"मग बसा. चोर धरू."

त्यांचा संशय साहेबांच्या फ्लॉपीवर होता. पत्रिका जुळवण्याचा प्रोग्रॅम साहेबांनी पुण्याहून आणला होता आणि मुलीची स्थळं ते सरकारी मशीनवर तपासत. तीसच्या वर गुण जुळले की आम्हाला पेढा.

मिस्त्रींनी प्रोग्रॅमच्या आज्ञा कागदावर छापून घेतल्या. फाइल पुसायची आज्ञा त्यात कुठेच नव्हती. "लपलाय. चालवल्याबिगर तोंड न्हाई काढायचा," म्हणाले. मग त्यांनी डीबगर लावला. प्रोग्रॅमची एकेक आज्ञा चालवून मध्येच थांबायची सोय त्यात असते. नामांतरावरून गावात बंद होता, साहेब दोन दिवस फिरकले नाहीत, त्यामुळे ऑफिसात काम होऊ शकलं. चोर वार बघून बाहेर पडत असेल, म्हणून मशीनमधली तारीख त्या शुक्रवारची केली. मिस्त्री कळ दाबत, थांबत, आणि मी आकडे वहीत उतरवून घेई. माझ्या लग्नाची बोलणीसुद्धा याहून लवकर आटपली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या अर्थ नसलेल्या आकड्यांतून आमच्या डोळ्यांदेखत एक नवीच आज्ञा तयार झाली. फाइल पुसा. मिस्त्रींनी हात मांडीवर ठेवला.

"आता पुढलं पाऊल टाकायचं न्हाई."

मला रडूच आलं.

अहवालात त्यांनी 'साहेबांची फ्लॉपी' असं स्वच्छ लिहिलं. मी घाबरले. "नाव कशाला घालता? बाहेरून आली म्हणा की."

"बाहेरून तर तुमी बी येता, बाई. मग तुमचं घालू?"

माझा मेमो रद्द झाला. साहेबांनी मिस्त्रींचं तोंडभरून कौतुक केलं आणि त्यांची बदली वालूरच्या गोदामात केली. तिथे अनुभवी माणसाची नितांत गरज होती म्हणे. पोती होती, उंदीर होते, कॉम्प्युटर नव्हता.

जाताना मिस्त्री दाराबाहेर चपला घालत म्हणाले, "येत जा कदी वालूरला. लय लांब न्हाई."

खरंच लांब नाही. एस.टी. रोज जाते. पण मला कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर होता. मी एकदाही गेले नाही. यथावकाश कायम झाले, पेढे वाटले. मिस्त्री वारल्याचं मला नोटीस बोर्डावरून कळलं, कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढताना.