टेलिव्हिजन नसलेल्या गावातला टेलिव्हिजनचा वर्ग

आमच्या बेंगळुरात टेलिव्हिजन यायला अजून पंधरा-सोळा वर्षं होती, तेव्हा मी टेलिव्हिजन दुरुस्त करायला शिकलो. आता हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. मीही हसून घेतो.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. कॉटनपेठेत एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. आई-वडील लहानपणीच गेले होते, मला वाढवलं अक्कानं. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची, आणि माझ्या पायावर मी उभा राहीपर्यंत आपल्या लग्नाचा विषय काढायचा नाही असं तिनं नातेवाइकांना बजावलं होतं. आमचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून बेंगळूरचंच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि घरातल्या मराठीतही निम्मी कन्नड. पुण्याकडचा कुणी पाहुणा आला तर आमचं बोलणं ऐकून गालात हसायचा.

बळेपेठेत एका कागदाच्या दुकानावर माडी होती. तिथं संध्याकाळी सर वर्ग घ्यायचे. सर बेळगावकडचे. फौजेत बिनतारी संदेशाच्या पलटणीत नोकरी करून निवृत्त झालेले. शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली, उजव्या हाताच्या बोटांवर कायम खडू. आम्ही आठ-नऊ जण होतो, बहुतेक रेडिओवालेच. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "मी टेलिव्हिजन आयुष्यात एकदा बघितलाय. दिल्लीत, प्रदर्शनात, अर्धा तास. पण तो कसा चालतो ते मला ठाऊक आहे, आणि बघणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णवांना ते ठाऊक नसतं." या एका वाक्यानं मी त्यांचा झालो.

शिकवायचे फार सुंदर. चित्र रेघारेघांनी कसं उभं राहतं ते फळ्यावर इतकं सावकाश काढून दाखवायचे की डोळे मिटले तरी ते पडद्यावर सरकताना दिसायचं. माडीवर एक जुनी, फुटकी चित्रनळी होती, तेवढंच आमचं यंत्र. बाकी सगळं फळा आणि सर.

उपग्रहांचा विषय निघाला की ते खुर्चीवर बसायचेच नाहीत. एकदा म्हणाले, "टेलिव्हिजनची लहर उजेडासारखी सरळ जाते. डोंगर आडवा आला की संपलं. नंदीच्या डोंगरावर उभं राहिलं तर कुठवर दिसतं?"

कुणीतरी म्हणालं, "बेंगळूरपर्यंत."

"होय की. आणि डोंगर दसपट उंच असला तर? शंभरपट असला तर? असा एक डोंगर कर की अर्धी पृथ्वी दिसेल. तो म्हणजे उपग्रह. विषुववृत्तावर एका ठरावीक उंचीला सोडला की पृथ्वीबरोबर फिरतो, म्हणजे आपल्याला जागचा हलत नाही. असे तीन ठेवायचे, तीन समुद्रांवर. मग लंडनमधलं चित्र बळेपेठेत."

अटलांटिकवर पहिला उपग्रह नुकताच गेला होता. त्याच्यामार्फत अमेरिकेतली चित्रं युरोपात दिसली, ही बातमी त्यांनी वर्तमानपत्रातून कापून भिंतीला चिकटवली होती. आपल्या समुद्रावरही एक येणार, मग जमिनीवर मोठी वाडग्यासारखी अँटेना लागणार, ती सांभाळायला शिकलेली माणसं लागणार. "आणि तेव्हा अख्ख्या म्हैसूर राज्यात शिकलेली माणसं किती असतील?" असं विचारून ते आमच्याकडे बोट करायचे. बऱ्याचदा ते बोट माझ्यावर येऊन थांबायचं.

अक्काला हा वर्ग नापसंत नव्हता, पण तिचा भरवसा सरकारी नोकरीवर. तिनंच मला टेलिफोन मेकॅनिकच्या परीक्षेला बसवलं. मी लेखी पास झालो, मुलाखतही बरी झाली. एक दिवस दुपारी नेमणुकीचं पत्र आलं. अक्कानं ते देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, आणि शाळेतल्या बायकांना वाटायला म्हैसूरपाक आणायला स्वतः गेली.

मी पत्र घेऊन सरांकडे गेलो. आशीर्वाद घ्यायला गेलो होतो, पण खरं सांगायचं तर मनात थोडी चलबिचल होती. टेलिफोनच्या तारा जोडत बसायचं, आणि आभाळातलं सगळं सुटणार. सरांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. घडी घालून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "रविवारी होसकोट्याला चल माझ्याबरोबर. मग बोलू."

रविवारी आम्ही बसनं गेलो. अक्कानं चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, बांधून दिलं होतं, तिला वाटलं सर मला कुठल्या देवाला नेतायत. होसकोट्याच्या तळ्यापलीकडे उघडं माळरान होतं. नाचणी कापून नेलेली शेतं, दोन-चार शेळ्या, बाकी काही नाही. सर चपला काढून चालायला लागले, पावलं मोजत. एका ठिकाणी थांबून दोन्ही हात पसरले.

"इथं. ती वाडग्यासारखी अँटेना इथं बसेल, आजूबाजूला डोंगर नाही, शहराचा गोंगाट नाही. माझ्या ओळखीचे साहेब आहेत दिल्लीत, त्यांच्याशी पत्रव्यवहार चालू आहे. दीड-दोन वर्षांत काम सुरू होईल. मला माणसं विचारली तर पहिलं नाव मी कुणाचं देणार?"

 मी मागे जाऊन त्यांच्या चपला उचलून आणल्या.

"टेलिफोनमध्ये एकदा शिरलास की तिथंच म्हातारा होशील बघ," ते म्हणाले. "तुझी बुद्धी त्या खांबावर चढायला नाही."

चिंचेच्या झाडाखाली बसून आम्ही चित्रान्न खाल्लं. परतताना बसमध्ये मी निर्णय घेतला होता. नकाराचं पत्र इंग्रजीत लिहायला हवं होतं. माझं इंग्रजी कच्चं, म्हणून सरांनी मजकूर सांगितला आणि मी माडीवर बसून उतरवला. एका शब्दाचं स्पेलिंग मी चुकलो, ते त्यांनी माझ्या हातातलं पेन घेऊन दुरुस्त केलं.

अक्काला मी पत्र टाकून आल्यावर सांगितलं. ती शिवणयंत्रावर होती. पाय थांबला.

"टाकलंस?"

"हो."

"मला न विचारता?"

"अक्का, सर म्हणाले की..."

"सरी," ती म्हणाली. 'बरं, ठीक आहे' अशा अर्थाचा कन्नडमधला हा शब्द आमच्या घरात दिवसातून पन्नास वेळा यायचा. त्या दिवशी त्या शब्दावर आमचं बोलणंच संपलं. पुढे आठवडाभर ती माझं ताट वाढून ठेवायची आणि आत निघून जायची.

दोनेक महिने गेले. एके दिवशी सकाळी दुकानात एक माझ्याच वयाचा मुलगा आला. नीट भांग पाडलेला, नवा कोरा शर्ट, हातात मिठाईचा पुडा. मला वाटलं गिऱ्हाईक. त्यानं मालकाला माझं नाव विचारलं आणि माझ्यासमोर येऊन एकदम वाकून नमस्कारच केला.

"मी सरांचा भाचा. बेळगावहून आलो. हा कुंदा आईनं मुद्दाम दिलाय तुमच्यासाठी."

हे कशासाठी ते मला कळेना. त्याला स्टुलावर बसवलं. तो म्हणाला, "टेलिफोन खात्यात परवा रुजू झालो. वेटिंग लिस्टवर पहिलं नाव माझं होतं. कुणी जागा सोडली तरच मिळणार होती. मामांनी कळवलं, माझ्या एका विद्यार्थ्यानं तुझ्यासाठी सोडली. आई रडायलाच लागली. म्हणाली, अशी माणसं असतात अजून."

माझ्या हातात तारा जोडायची तापलेली कावी होती, ती मी स्टँडवर ठेवली. मग विचारलं, "तुमचं नाव वेटिंग लिस्टवर आहे हे सरांना कधीपासून माहीत होतं?"

"यादी लागली त्याच दिवशी मी कळवलं की त्यांना. का?"

त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. तो खरंच आभार मानायला आला होता. मी म्हणालो, "काही नाही. सहज विचारलं." त्याला कॉफी पाजली, नोकरीबद्दल दोन प्रश्न विचारले. तो गेल्यावर मालक म्हणाला, "एनप्पा, काय रे, तोंड का असं झालंय तुझं?" मी कुंदा त्याला देऊन टाकला. मला तो घरी न्यायचा नव्हता.

संध्याकाळी वर्गाला गेलो. सर फळ्यावर आकृती काढत होते, मी मागे उभा राहिलो. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. पण त्यांनी शिकवणं थांबवलं नाही. पूर्ण तासभर शिकवलं, नेहमीसारखंच, एक रेघ चुकली नाही. त्याचा मला जास्त राग आला. सगळे खाली उतरल्यावर मी म्हणालो, "तुमचा भाचा येऊन गेला."

ते फडक्यानं हात पुसत राहिले. "बस."

"नाही बसत. होसकोट्याचं खरं होतं का?"

"उपग्रह येणार हे खरं आहे."

"होसकोट्याचं विचारतोय मी. दिल्लीतले साहेब?"

"मी पत्र लिहिलं होतं," ते म्हणाले. "उत्तर आलं नाही."

 खालच्या दुकानात कागदाची रिमं टाकल्याचे धपधप आवाज येत होते. मग ते म्हणाले, "माझ्या बहिणीचा एकुलता एक मुलगा आहे तो. बाप नाही. तीनदा परीक्षेला बसला, तिसऱ्यांदा वेटिंग लिस्टवर आला. आता वय संपणार होतं. त्याला दुसरं काही मिळालं नसतं. तू हुशार आहेस. तुला कुठंही मिळेल."

"मग तसं सांगायचं होतंत मला."

"सांगितलं असतं तर सोडली असतीस?"

मी विचार केला. खरं उत्तर मला आजही ठाऊक नाही. कदाचित सोडलीही असती, इतका मी त्यांचा होतो. "तुम्ही विचारलंच नाही," एवढंच मी म्हणालो आणि जिना उतरलो. गल्लीच्या तोंडापर्यंत वाटत होतं, मागून हाक येईल. आली असती तर मी थांबलो असतो, याची मला तेव्हाही लाज वाटली.

अक्काला सांगितलं तेव्हा मी तयारीनं गेलो होतो, की आता ती म्हणेल, मी सांगत नव्हते? ती तसं काहीच म्हणाली नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिली, आणि मी बावीस वर्षांचा बाप्या तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. आठवडाभराचा अबोला धरल्याबद्दल तिनंच माझी माफी मागितली, ते मात्र मला सहन झालं नाही.

पुढची तीन वर्षं मी रेडिओच दुरुस्त केले. टेलिफोनची परीक्षा पुन्हा दिली, यादीत आलो नाही. मधे पेपरात आलं की उपग्रहाशी जोडणारं केंद्र पुण्याकडे उभं राहतंय. मी अर्ज टाकला. मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र जोडा म्हणून तो परत आला, आणि आमच्या माडीला कसली आली मान्यता? पण सरांनी आभाळाबद्दल सांगितलेलं सगळं एकेक करून खरं होत गेलं. पॅसिफिकवर उपग्रह गेला. मग आपल्या समुद्रावर गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत चंद्रावर माणूस उतरला, ते त्या तीन उपग्रहांमुळे जगभर लोकांनी घरात बसून पाहिलं. आम्ही ती सकाळ दुकानातल्या रेडिओभोवती उभं राहून काढली. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं मला विचारलं, "चित्र चंद्रावरून येतं तर आपल्याकडे का नाही येत?" मी त्याला नंदीच्या डोंगरापासून सगळं समजावून सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात आलं की माझे हातही सरांसारखेच हलतायत. मी हात खिशात घातले.

त्याच महिन्यात सर दुकानात आले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पायरी चाचपत चढले. मला आवाजावरून ओळखलं.

"फळा दिसत नाही आता," ते म्हणाले. "सहा मुलं आहेत. वर्ग तू घे."

मी तीन वर्षं त्यांच्याशी मनात भांडत होतो. कितीतरी वाक्यं तयार होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हणालो, "नाही घेणार."

"पोरं चांगली आहेत रे."

"असतील."

"माझ्यावरचा राग त्यांच्यावर कशाला?"

"सर, मी तिथं उभा राहिलो तर मलाही त्यांना सांगावं लागेल की टेलिव्हिजन लवकरच येणार म्हणून. मला ते सांगता येणार नाही."

त्यांनी मान हलवली. माफी मागितली नाही. मीही भाच्याची चौकशी केली नाही. मालकानं कॉफी मागवली होती, ती त्यांनी बशीत ओतून सावकाश प्यायली. मी त्यांना रस्ता ओलांडून दिला, बसमध्ये बसवलं. वर्ग त्यानंतर महिन्याभरात बंद झाला म्हणे. त्यातला एक मुलगा दोनदा माझ्याकडे शिकवा म्हणून आला होता, मी त्याला वेळ नाही म्हणून परत पाठवलं. त्याचं वाईट वाटतं. सरांना नाही म्हणालो, त्याचं वाईट वाटायला हवं की नको, हे इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर अक्काला सगळं सांगितलं. तिनं काजं करायला घेतली होती, मान वर केली नाही.

"आणि तू नाही म्हणालास?"

"हो."

"कॉफी तरी दिलीस ना स्वल्प?"

"दिली."

"सरी," ती म्हणाली, आणि दातानं दोरा तोडला.