गरम जिलबी

दादाच्या नातवाच्या मुंजीत जेवण बुफे होतं. वहिनी सगळ्यांच्या बरोबरीने खुर्चीत बसून जिलबी खात होत्या. शेजारी बसून मी नेहमीचंच बोललो, "बुफेत मजा नाही. पूर्वी पंगती बसायच्या, आग्रह व्हायचा."

"भाऊजी, आग्रह करायला मीच होते ना?" वहिनी हसल्या. "आमची पंगत शेवटची. तोवर जिलबी गार, नाहीतर संपलेली."

त्या पंगती मला लख्ख आठवतात. केळीची पानं, उदबत्त्यांचा वास, वाफाळता भात. वहिनीही आठवतात, पण दर वेळी वाकून वाढताना. जेवताना एकदाही आठवत नाहीत. ज्या काळाला मी इतकी वर्षं चांगला म्हणत आलो, त्यात त्या भुकेल्या उभ्या होत्या आणि मी पानावरून मठ्ठा मागत होतो.

पलीकडे बसलेल्या दादाने माझं बोलणं तेवढं ऐकलं होतं. "खरं बोललास," तो म्हणाला. "नातीच्या लग्नात पंगतच ठेवू. घरच्या बायका वाढतील."

मी मान डोलावली नाही, पण नकोही म्हणालो नाही. वहिनींनी आणखी एक जिलबी घेतली आणि गरम आहे तोवर खाऊन टाकली.