माशी कुठे आहे?

या जगात मी सगळ्यांत जास्त कोणाचा ऋणी असेन, तर माझी मोठी बहीण निर्मलाताई हिचा. मागच्या उन्हाळ्यात मी तिला वर्तमानपत्राच्या सुरळीने हाणलं.

प्रकरण समजायला थोडं मागे जावं लागेल. आमच्या घराण्यात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिला. (दहावीपर्यंत पोचलेलाही मीच पहिला, पण ते आम्ही वेगळं सांगत नाही.) बाळापूरला ताई शिलाई मशीन चालवायची आणि मी तिच्या पायाशी बसून पाढे म्हणायचो. पाढा चुकला की मशीन थांबायचं. मशीन थांबल्यावर काय होतं हे मला अनुभवाने ठाऊक होतं, म्हणून मी पदवीधर झालो. पुढे सरकारी बँकेत अधिकारी झालो, आणि बदलीवर बायको मेघा आणि मुलगा चिनू यांना घेऊन कोलकात्याला, बालीगंजच्या एका जुन्या इमारतीत राहायला आलो.

चिनू तीन वर्षांचा व्हायला आला तरी बोलत नव्हता. हसायचा, रुसायचा, हवं ते माझं बोट धरून ओढत नेऊन दाखवायचा, पण शब्द म्हणून एक नाही. ताईला मूलबाळ नाही. तिला आत्या म्हणू शकेल असं जगात एकच माणूस होतं आणि ते गप्प होतं. दर रविवारी ती फोन करून 'त्याले दे' म्हणायची. मी फोन चिनूच्या तोंडाशी धरायचो. चिनू फोनमध्ये श्वास सोडायचा. ताई बराच वेळ ऐकायची आणि म्हणायची, श्वास चांगला आहे.

स्पीच थेरपीच्या बाईंनी आम्हाला दोनच गोष्टी सांगितल्या. मुलाशी छोट्या, सोप्या शब्दांत भरपूर बोला. आणि त्याने एखादा शब्द उच्चारला की ती वस्तू ताबडतोब त्याच्यासमोर आणा. एवढंच. पण ज्याने आयुष्यातली प्रत्येक परीक्षा पाठांतरावर काढली, त्याचं एवढ्यावर समाधान कसं व्हावं? मी अभ्यासक्रम आखला. घरात फक्त मराठी, हा नियम माझा. (बाईंनी तसं मुळीच सांगितलं नव्हतं.) अकोल्याहून मागवलेला पशुपक्षी आणि कीटकांचा रंगीत तक्ता भिंतीवर लागला. रोज ऑफिसला जाण्यापूर्वी मी हातात फूटपट्टी घेऊन कावळा, चिमणी, मुंगी, माशी असं घोकायचो आणि चिनू पंख्याकडे बघायचा. मेघाने एकदा विचारलं, की याला बँकेच्या परीक्षेला बसवायचंय का. मी तिला गांभीर्याचं महत्त्व समजावून सांगितलं.

या मराठी राज्यात एकच परप्रांतीय शब्द उरला होता. (खरे परप्रांतीय आम्ही, पण उंबऱ्याच्या आत येऊन हे कोण सांगणार?) घरकामाला येणाऱ्या आणि चिनूलाही सांभाळणाऱ्या शिखाला सगळी इमारत 'शिखामाशी' म्हणायची. बंगालीत माशी म्हणजे मावशी. मी तिला 'शिखाबाई' करून पाहिलं, पण ती ओ देईना. आपल्याला कोणी बोलावतंय हेच तिला कळेना. तेव्हा तेवढं 'माशी' आम्ही चालवून घेतलं आणि दिवसातून कितीतरी वेळा म्हणू लागलो. थोडक्यात, या शब्दाचा अर्थ मला पुरता ठाऊक होता. पुढची हकिकत त्यामुळेच जास्त लाजिरवाणी आहे.

उन्हाळ्यात शिखा मुलीच्या बाळंतपणासाठी गावी गेली आणि त्याच आठवड्यात ताई आली. आयुष्यात पहिल्यांदा एवढा प्रवास, तोही एकटीने, कुरड्या आणि मुगवड्यांचे डबे मांडीवर घेऊन. आल्या आल्या तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि पदर खोचून चिनूला कडेवर घेतलं. चिनू परक्या माणसाकडे जात नसे. हिच्याकडे असा गेला, की आम्हीच परके वाटायला लागलो.

एका सकाळी ताई कुरड्या तळत होती. चिनू स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, तिच्याकडे बघून त्याने दोन्ही हात वर केले आणि अगदी स्पष्ट म्हणाला, "माशी."

मेघाच्या हातातली वाटी पडली. मी वर्तमानपत्रासकट धावलो. माझं ऊर भरून आलं होतं. माझा तक्ता! फूटपट्टी, पाठांतर, सगळं फळाला आलं होतं. डोळे पुसून मी पुढच्या नियमाकडे वळलो. शब्द आला की वस्तू हजर. आता माशी कुठून आणायची?

त्या दिवशी नेमकी घरात एकही माशी नव्हती. ताईने सकाळीच ओटा घासून काढला होता. मी सगळ्या खिडक्या उघडल्या. खाली कोपऱ्यावर मासळीवाला बसतो, त्या बाजूची खिडकी तर मुद्दाम उघडली. कठड्यावर गूळ ठेवला. शेजाऱ्यांनी काय चाललंय म्हणून विचारलं, तेव्हा शुद्ध हिंदीत सांगितलं की आम्ही माश्या बोलावतोय. त्यांनी त्यांची खिडकी लावून घेतली. माश्या आल्या. चिनूचं तोंड मी खिडकीकडे वळवलं आणि म्हणालो, "ती बघ माशी." चिनू मान वळवून पुन्हा ताईकडे बघायला लागला. हात लांब करून म्हणाला, "माशी." मी समजलो, ताईच्या खांद्यावर बसलीय.

तेव्हा मी ती सुरळी हाणली.

चिनूने भोकाड पसरलं. ताई आधी दचकली, मग हसत सुटली. "हाण, हाण. लहानपणी मी तुले लय हाणलं. फिटू दे."

त्यानंतर ताई होती तोवर आमचा हाच कार्यक्रम. चिनू दुडूदुडू तिच्याकडे जायचा, तिच्या गुडघ्यांना मिठी मारून 'माशी' म्हणायचा, आणि आम्ही तिघं मिळून त्याला उचलून तिच्यापासून लांब, गुळाच्या खिडकीशी नेऊन उभं करायचो. ताईच सर्वांत तत्पर. रात्री अंथरूण घालताना मात्र ती एकदा म्हणाली, "पोरगं माशीले नावानं हाक मारते रे गजा. आत्याचा नंबर कधी लागन?" मी तिला धीर दिला. आत्यात जोडाक्षर आहे, वेळ लागणारच, असं सांगितलं. (मी हे खरोखर सांगितलं.)

हावड्याला तिला गाडीत बसवलं. ती खिडकीशी, आम्ही फलाटावर, चिनू माझ्या कडेवर. गाडी हलली तसा तो अर्धा बाहेर झुकला आणि ओरडू लागला, "माशी! माशी!" ताईने लगबगीने मांडीवरच्या डब्याचं झाकण घट्ट केलं, पदराने चारी बाजूंना वारा घातला आणि आमच्याकडे बघून हात हलवत म्हणाली, की नाही रे बाळा, इथं एकही नाही.

गाडी गेली.

घरी आल्यावर चिनू सरळ दिवाणाकडे गेला. तिथे ताई झोपायची. त्याने चादर उचलून खाली पाहिलं. "माशी?" मग स्वयंपाकघरात गेला, दाराआड पाहिलं. "माशी?" मी नियमाला जागून त्याला तक्त्यासमोर नेलं आणि फूटपट्टी माशीच्या चित्रावर ठेवली. त्याने ते चित्र बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि ओठ काढून रडायला लागला.

मेघा मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "अहो, तो माशी नाही म्हणत. तो माशी म्हणतोय."

मी फूटपट्टी खाली ठेवली.

ताईला लगेच फोन लावला. तिने उचलला, गाडीचा खडखडाट ऐकू आला, ती दोनदा हॅलो म्हणाली आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. (घराण्यात आहे.) ती म्हणाली, कोण, चिनू का? श्वास चांगला आहे. मी फोन ठेवला आणि पत्र लिहायला बसलो.

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, चिनू तुला हाक मारत होता. पहिल्यांदा बोलला त्या दिवसापासून, फलाटावरसुद्धा. इथल्या भाषेत माशी म्हणजे मावशी. घरात जी बाई त्याला कडेवर घेते, भरवते, तिला काय म्हणायचं हे त्याने आमचं ऐकून शिकून घेतलं होतं. मी शिकवलं नव्हतं; मी त्याला कावळे आणि मुंग्या शिकवत होतो. त्याच्या आयुष्यातला पहिला शब्द त्याने तुझ्यासाठी काढला, आणि मी तुझ्या देखत त्याचं तोंड दुसरीकडे फिरवलं. तू मला बोलायला शिकवलंस, ताई, आणि तुला कोणी हाक मारली तेव्हा मला ती ऐकू आली नाही.

नात्याने तू आत्या आहेस, मावशी नाहीस. एवढी एक चूक त्याची आहे, ती पदरात घे. बाकीच्या माझ्या. मागे आम्ही त्याचे कान तपासून घेतले होते. ते ठणठणीत निघाले. माझे तपासावेत असं कोणाला सुचलं नाही.

तो अजून चादर उचलून बघतो. दुर्गापूजेच्या सुट्ट्यांत ये. तिकीट मी काढतो. आणि त्याने हाक मारली की तू नुसती ओ दे. अर्थ सांगायला मी मध्ये येणार नाही.

तुझा,
गजा