बाळ येशूचं टोपरं

यंदाच्या नाताळात गोठा मांडायचा नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं. पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन माझा नवरा गेला. तेव्हापासून माझी सासू, जिला मी मांय म्हणते, एकदाही रडली नव्हती. बोलणं बंद, जेवण चिमणीएवढं. "त्यांना रडू द्या, नाहीतर त्या हातच्या जातील," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आता रडू द्या म्हणजे मी करू तरी काय? जिचा पोटचा मुलगा गेला, तिच्यासमोर देवाच्या आईचं गोजिरवाणं बाळ नेऊन ठेवू? खरं सांगायचं तर देवावर माझाच राग होता. बाळ येशूची मूर्ती मी कपाटातून काढली नाही आणि चर्चलाही गेले नाही.

नाताळच्या सकाळी शेवंताकाकी दारात उभ्या. दिवाळीनंतर त्या आंबोलीहून आमच्या शेजारी राहायला आल्या होत्या. दुःखाच्या वर्षी आमच्याकडे तळण होत नाही, शेजारीपाजारीच फराळ देतात. काकींच्यातही तीच रीत, त्यामुळे करंज्यांचं ताट बघून मला नवल वाटलं नाही. पण त्यांच्या दुसऱ्या हातात जरीची किनार लावलेलं लाल टोपरं होतं.

"बाळ खंय आसा?" त्यांनी विचारलं.

"कुणाचं बाळ?"

"तुमच्या देवाचा गो! तूच सांगलंस मां, आज देव जन्माक इलो म्हणान. मगे बाळाक कोण रिकाम्या हातान बघूक येता?"

तीन राजे दूरदेशाहून सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन आले आणि तिथूनच नाताळच्या भेटींची चाल पडली, हे मी लहानपणापासून ऐकत आले. मला ते राजेमहाराजांचं काम वाटायचं, आणि हल्ली तर दुकानदारांचं. पण ती परकी माणसं बाळंतिणीकडे बाळ बघायला आली होती, इतकी साधी गोष्ट कधी डोक्यातच शिरली नव्हती.

यंदा बाळ मांडलं नाही, असं मी म्हणणार इतक्यात आतून आवाज आला, "कपाटात आसा. काढ त्येका भायर."

मांयचा आवाज! मी कपाट उघडून बाळ बाहेर काढलं.

मूर्ती जेमतेम वीतभर, आणि काकींनी टोपरं शिवलेलं खऱ्या बाळाच्या मापाचं. घालायला गेले तर देव सगळाच्या सगळा त्यात गडप झाला. काकी ओशाळल्या. "माका काय म्हायत, तुमचो देव एवढोसोच!" कित्येक महिन्यांनी मला हसू फुटलं. मांय मात्र हसली नाही. तिने टोपऱ्यासकट बाळ मांडीवर घेतलं, टोपऱ्याचे बंद बांधले, आणि "बाबू, माझ्या बाबू" म्हणत हंबरडा फोडला. माझ्या नवऱ्याला ती याच नावाने हाक मारायची. काकी तिच्याजवळ फतकल मारून बसल्या, तिला कवटाळून त्याही रडू लागल्या.

रडण्याचा भर ओसरल्यावर मांयने करंजी मागितली आणि अख्खी खाल्ली. हा चमत्कार होता का, मला सांगता येणार नाही. काकींना कुणी धाडलं, ते धाडणाऱ्यालाच ठाऊक. काकींचे उपकार मात्र मी जन्मभर विसरणार नाही.

मग मी बाळापुढे गुडघे टेकले. त्याला द्यायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. होता तो इतक्या महिन्यांचा राग. तोच त्याच्या पायाशी ठेवला, आणि त्याने तो घेतला.