दुप्पट पडली तर सांडली पाहिजे

दत्तात्रय आयर्लंडमधल्या पोर्टलीशला मुलीकडे आले तेव्हा त्यांच्या खिशात परतीचं तिकीट होतं. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये विमानं बंद झाली, आणि पाहुणा म्हणून आलेला माणूस कुठलाही ठराव न होता घरचा झाला. मुलगी वैदेही औषधांच्या कंपनीत, जावई जयेश वरच्या खोलीतून डब्लिनच्या ऑफिसचं काम करणारा. दोघंही दिवसभर कानाला हेडफोन लावून जगाशी बोलत. दत्तात्रयांशी बोलायला उरला तो मागच्या अंगणाच्या भिंतीपलीकडचा शेजारी, शेमस फेलन.

शेमस ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचा आणि रविवारी क्लबात नेमबाजी करायचा. बंदूक सहसा कुणाला न देणाऱ्या देशात त्याच्याकडे आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर होतं, जुन्या परवान्यावरचं. तसे नवे परवाने आता मिळत नसत. हातचा गेला की गेला. क्लबला आपले राउंड, म्हणजे काडतुसं, आपणच भरायची मुभा होती, तीही क्लबच्याच शेडमध्ये.

दत्तात्रयांनी उभी नोकरी खडकीला दारूगोळा कारखान्यात केली होती, तपासणी विभागात. तिथे काय चालतं हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. ती बँकेत होती, तिच्याकडेही न सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

"आखूड नळीला कुठली बारूद घ्यावी यावर आमच्या क्लबात जितके सभासद त्याहून जास्त मतं आहेत," शेमस एकदा भिंतीवर कोपर टेकून म्हणाला.

निवृत्तीनंतर प्रथमच कुणीतरी दत्तात्रयांना त्यांच्या विषयातलं काही विचारत होतं. ते खुर्ची घेऊन भिंतीजवळ आले.

"गोळी नळीत आहे तोवरच बारुदीला काम. नळी आखूड, म्हणजे वेळ थोडा. सावकाश जळणारी घेतलीस तर अर्धीअधिक नळीच्या बाहेर जळणार. आवाज मोठा, जाळ मोठा, काम काही नाही. आमच्याकडे असे साहेब होते."

शेमस इतका हसला की त्याची बायको नोरीन दारात येऊन बघून गेली.

"म्हणजे झटकन जळणारी?"

"झटकन जळणारी, पण फुगीर. पातळ चकत्यांची. बारीक जड दाणा घेऊ नकोस. तो चिमूटभर लागतो, काडतुसाच्या पुंगळीत तळाला जाऊन बसतो, चुकून दोनदा ओतलास तरी वरून कळत नाही. फुगीर असली की पुंगळी निम्म्याहून वर भरते. दुप्पट पडली तर सांडली पाहिजे. आणि एक ओततो तेव्हा दुसरा बघतो. एकट्याने भरायचं नाही."

"ग्रँड. हे जरा लिहून दे ना."

"लिहून नाही," दत्तात्रय म्हणाले, आणि दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले. कारखान्यात बारुदीबद्दलचा कागद गेटबाहेर जात नसे. शेमसने पुढे व्हॉट्सॲपवर शंका विचारली तर तिचंही उत्तर एकच यायचं: भिंतीपाशी ये.

जुलैमध्ये क्लब उघडला. नेमबाजी सोडलेल्या एका मित्राने शेमसला अर्धा डबा बारूद देऊन टाकली होती. दाणा बारीक, जड. फुकट मिळालेल्या वस्तूत दोष दिसायला वेगळी नजर लागते. शेमसने एकट्याने राउंड भरले, फोनवर गप्पा मारत. एका पुंगळीत दोनदा ओतलं गेलं. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर फुटलं, शेमसच्या अंगठ्याला टाके पडले. शेजारी उभ्या माणसाला काही झालं नाही, हे नशीब.

क्लबच्या समितीने विचारलं. निष्काळजीपणा ठरता तर परवाना गेला असता. शेमस म्हणाला, शेजारी दारूगोळ्यातला तज्ज्ञ राहतो, त्याच्याच सल्ल्याने ही बारूद घेतली.

क्लबचे सेक्रेटरी मास्क लावून दारात आले. फार सभ्य माणूस.

"मी बरोबर उलट सांगितलं होतं," दत्तात्रय म्हणाले.

"लेखी काही?"

"नाही."

"अच्छा," सेक्रेटरी म्हणाले, मयताला आल्यासारखे.

दत्तात्रय भिंतीपाशी गेले. "शेमस, असं कसं सांगितलंस?"

शेमस बँडेज बांधलेल्या हाताने उगाच वाफ्यातल्या रुबार्बची पानं सारखी करत राहिला. "दत्ता, तू परत जाणार आहेस. मला इथेच राहायचंय."

घरात जयेश वाटच बघत होता. "बाबा, आमचं सिटिझनशिपचं ॲप्लिकेशन आत आहे. त्यात माणूस कसा आहे तेही बघतात. आणि तुम्ही शेजाऱ्याला बारूद शिकवताय?"

"जयेशराव, मी त्याला चूक टाळायला शिकवत होतो."

"हो, पण फॉर्ममध्ये तसा रकाना नाहीये ना."

शनिवारी समितीची बैठक होती. दत्तात्रयांची सही असलेला माल कारखान्यात कधी परत आला नव्हता. आपल्या नावावर ही एक पुंगळी राहू द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं. सकाळी शर्टाला इस्त्री केली, बूट पुसले.

"बाबा, जायची गरज नाही," वैदेही म्हणाली. "मिटलंय."

"कसं मिटलं?"

"मी सेक्रेटरींना ईमेल केली. की तुझं वय झालंय, गोळ्या चालू आहेत, हल्ली बोलताना तुझा गोंधळ होतो. खूप छान रिप्लाय आला त्यांचा. वाचून दाखवू?"

"माझा कधी गोंधळ झाला, वैदू?"

"नाही रे. पण तेवढं लिहिलं की संपतं ना सगळं."

"मी लिहायला हवं होतं ते लिहिलं नाही," दत्तात्रय म्हणाले, "आणि तू नव्हतं ते लिहिलंस." मग इस्त्रीचा शर्ट त्यांनी परत हँगरला लावला.

शेमसला समज मिळाली, परवाना राहिला. गल्लीतले लोक दत्तात्रयांशी सावकाश आणि मोठ्याने बोलू लागले. नोरीनने एकदा प्रेमाने विचारलं, आज वार कुठला ते माहीत आहे ना. त्यांनी वार सांगितला. ती म्हणाली, शाबास.

मधल्या टाळेबंदीनंतर पुढल्या वर्षी मे महिन्यात क्लब पुन्हा उघडला. शेमस नवं सिलिंडर बसवून आला होता. त्याने रुबार्बच्या जॅमची बरणी भिंतीवर ठेवली.

"दत्ता, ती तुझी फुगीरवाली. नेमकी कशी ओळखायची?"

दत्तात्रयांनी त्याच्या अंगठ्याकडे बघितलं. न सांगावं, तर पुढच्या वेळी अंगठ्यावर भागणार नव्हतं.

"नोरीनला बोलाव."

"तिला कशाला?"

"एक ओततो तेव्हा दुसरा बघतो."

नोरीन हात पुसत आली. दत्तात्रयांनी सगळं तिला सांगितलं, पहिल्यापासून, शेमसकडे न बघता. मग तिच्याकडून वदवून घेतलं. तिने न चुकता म्हटलं: चकत्यांची, फुगीर, दुप्पट पडली तर सांडली पाहिजे.

"गेल्या वर्षी यालाही हेच सांगितलं होतं," दत्तात्रय म्हणाले. "आता सांगा, माझा गोंधळ होतो?"

नोरीनने नवऱ्याकडे बघितलं. शेमस रुबार्बकडे बघत होता.

दत्तात्रय खुर्ची उचलून आत गेले. बरणी भिंतीवरच राहिली. संध्याकाळी वैदेहीने ती आत आणली, सगळ्यांच्या ताटात जॅम वाढला, मस्त झालाय म्हणाली. दत्तात्रयांनी पोळी कोरडीच खाल्ली.