नैवेद्याआधीचं ताट

आमच्या घरी सणाचा स्वयंपाक झाला की आधी आईचं ताट वाढून बाजूला निघायचं, मग मारोतीचा नैवेद्य. हा क्रम वडिलांनीच लावून दिला होता. माझं लग्न झालं त्या सुमारास आईने महानुभाव पंथाचा उपदेश घेतला. एका परमेश्वराशिवाय कुणापुढे हात जोडायचे नाहीत, दुसऱ्या देवाला दाखवलेला घास तोंडात घालायचा नाही, हा तिचा नेम. वडील, आमचे अण्णा, मारोतीचे भक्त ते भक्तच राहिले. एका पोळ्याला घाईत नैवेद्य आधी दाखवला गेला, तर त्यांनी आईपुरतं पुरण पुन्हा शिजवायला लावलं.

थट्टा मात्र सोडली नाही. शनिवारी देवळातून आले की खोबऱ्याचा तुकडा तिच्यापुढे धरायचे. "खाय वं, कोनी पाहून नाही राह्यलं."

"तुमचा मारोती सर्गापावतर नेते," आई म्हणायची. "पुढची वाट त्याले ठाव नाही."

"मले तिथपावतरच जायचं हाय."

ती हसून तोंड फिरवायची आणि तुकडा अण्णा खायचे.

गावात कुणी गेलं की तिरडी बांधायला अण्णा. जात विचारायची त्यांना सवयच नव्हती. कोरोनात पोटची पोरं अंगणातून मागे सरली, तिथेही हे गेले. शेजारच्या चाचीच्या सासऱ्याला कब्रस्तानापर्यंत खांदा दिला. एवढं केलेल्या माणसाला देव दारातून परत पाठवेल का, असं मी आईला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "पुन्य म्हंजे कनगीतली जवारी. खाल्ली का सरते. सरली का पुन्हा जलम." मला त्या कणगीचा फार राग आला.

मग अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बुलडाण्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मी चिखलीहून येऊन राहिले. अण्णांना समजत सगळं होतं, आणि तेच बघवत नव्हतं.

आईला त्यांच्या मरणाची भीती नव्हती. ते जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणार नाहीत, ही भीती होती. ती धावत मठात गेली आणि त्यांच्या वाटचा उपदेश मी घेते म्हणाली. तिथले बाबाजी भले माणूस. त्यांनी तिला पाणी दिलं, बसवलं आणि म्हणाले, देवाचं प्रेम सगळ्यांवर आहे बाई, पण उपदेश ज्याचा त्यानेच घ्यावा लागतो. अण्णांनी नुसती मान हलवून हो म्हटलं तरी उपदेश द्यायला मी घरी येईन, असंही ते म्हणाले.

आई घरी आली आणि खाटेजवळ जमिनीवर बसली. "मारोती सोडा," ती म्हणाली. "एवढी मान हालवा. माह्यासाठी."

अण्णांनी मान हलवली. नाही म्हणून हलवली, आणि डाव्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटलं.

आई ओरडली नाही. खाटेच्या कडेवर कपाळ टेकून म्हणाली, "मंग मी तिथं एकटी काय करू?" तो प्रश्न मी अजून पचवू शकलेले नाही. प्रेम सगळ्यांवर आणि दार मोजक्यांना, हा कुठला न्याय? मी हे मोठ्याने बोलले. ऐकायला चाची बसली होती, तिने अण्णांसाठी दुवा मागितली होती. मी तिलाच धरलं. "चाची, तुमच्या जन्नतमध्ये तरी घेतील का यांना?"

चाचीने ओढणी तोंडाला लावली. "अल्ला बडा रहमवाला है, बेटी," एवढंच म्हणाली. तिला हो म्हणायचं होतं आणि म्हणता येत नव्हतं, हे मला दिसलं. ज्याने सगळ्यांना पोचवलं, त्याला ठेवून घ्यायला कुणाकडेच जागा नव्हती.

शनिवारी देवळातून प्रसाद आला. आईने स्वतः खोबरं किसून चिमूटभर अण्णांच्या जिभेवर ठेवलं. त्यांनी ते कसंबसं गिळलं. मग डाव्या हाताने वाटीतली चिमूट उचलून, जुन्या सवयीने, तिच्यापुढे धरली. अर्ध्या तोंडाने हसलेही.

आईने या वेळी तोंड फिरवलं नाही. तिने ती चिमूट खाल्ली.

अण्णांचं हसू गेलं. त्यांनी डाव्या हाताचं बोट तिच्या ओठांत घातलं, ते खोबरं बाहेर काढायला. घशातून नुसता आवाज येत होता आणि डोळ्यांतून पाणी. आईने दात घट्ट मिटून घेतले आणि गिळलं.

त्या आठवड्यातच अण्णा गेले. तिरडी बांधायला जे आले, त्यांना गाठी नीट येत नव्हत्या.

आई अजून मठात जाते. एकदा मी तिच्याबरोबर होते. तिने खोबऱ्याचं सगळं सांगितल्यावर बाबाजी म्हणाले, साधं प्रायश्चित्त आहे बाई, तुझा दोष जाईल.

"नको, बाबाजी," आई म्हणाली. "दोष राहू द्या. नाही तं त्यायची न् माही चुकामूक होईन."