कोरं लुगडं

जामनेरकडून मोगलाईत जाताना हद्दीवर नाका लागे. पलीकडचं राज्य परकं, कायदा वेगळा. नव्या कापडावर जकात तर होतीच, शिवाय आमच्याकडे प्लेग सुरू होता म्हणून ते औषधाच्या पिंपात बुडवून घ्यावं लागे. अंगावरचं कापड मात्र माफ. ऐन उन्हात दोन-दोन धोतरं नेसून चाललेले पुरुष तिथे नेहमी दिसत.

त्या दिवशी टांग्यात माझ्याबरोबर एक तरुण शेतकरी होता. पलीकडच्या पहिल्याच गावात त्याची बहीण रात्री वारली होती. सवाष्ण गेली की माहेरचं कोरं लुगडं नेसवूनच तिला उचलतात. ते हिरवं लुगडं त्याने मांडीवर धरलं होतं. मढं त्याच्यासाठी थांबवलेलं होतं आणि ऊन चढत होतं.

जकात त्याने मुकाट्याने भरली. शिपायाने लुगड्याला हात घातला तेव्हा म्हणाला, "भाऊ, हे भिजवू नको. मेलेल्या बहिनीले नेसवाचं हाये."

"मग तूच नेस की," शिपाई म्हणाला. "अंगावरचं आम्ही भिजवत नाही."

बाकीचे शिपाई हसले. तरुणाने पिंपातला ढवळायचा दांडका उपसला आणि शिपायाच्या तोंडावर हाणला. शिपायाचा ओठ फाटला, दात खाली पडला. मग तिघांनी मिळून तरुणाला आडवा केला. डोक्यात, पाठीत, पोटात मारलं. शेवटी त्याचा उजवा हात ओट्याच्या कडेवर ठेवून एकाने वरून बूट दिला. हाड मोडलं तसा टांग्याचा घोडा बिचकला.

लुगडं त्याच्यादेखत बुडवलं. हिरव्याचं काळपट झालं. नाकेदाराने निकाल दिला: कापडाला परवानगी आहे, माणसाला नाही, त्याने सरकारी नोकरावर हात उचलला आहे. तरुणाला खांबाला बांधलं.

टांगेवाला जामनेरचाच, मुसलमान. त्याने लुगडं पिळलं आणि टांगा हाकला.

मढ्याची आंघोळ झाली होती. सासूने भाऊ कुठे म्हणून विचारलं. टांगेवाल्याने नाक्यावर अडकलाय एवढंच सांगितलं. बायकांनी औषधाच्या वासाने नाकाला पदर लावले आणि ओलंच लुगडं नेसवलं. काळं पाणी तिच्या पावलांवरून तिरडीच्या बांबूंवर ठिबकत राहिलं.

संध्याकाळी परतलो तेव्हा तरुण खांबालाच होता. हात कोपरापर्यंत सुजला होता. दात गेलेला शिपाई येता-जाता त्याच हातावर काठी मारत होता. तरुणाने टांगेवाल्याकडे मान वळवली.

"वाळलं व्हतं का?"

"कडक वाळलं व्हतं, भाऊ," टांगेवाला म्हणाला. "घडी तिच्याच अंगावर मोडली."